दात पिवळे-तपकिरी-काळे का पडतात, आणि ब्लीचिंगचे पैसे भरायच्या आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, गाव पांढरकवड्याकडचं, यवतमाळ जिल्हा, आता नोकरीला पुण्यात. वरच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून पांढरट आणि तपकिरी पट्टे आहेत, त्यातलाच एक दात कॉलेजात असताना बाईकवरून पडल्यानंतर हळूहळू काळसर झाला पण दुखत नाही. दिवसाला पाच-सहा चहा होतात. चारकोल पावडर झाली, लिंबू-सोडा झाला, फरक काही नाही, उलट आता गार पाणी लागतं. आईचं माहेर साताऱ्याकडचं, ती मिश्री लावते, तिचे दात काळे. बहिणीच्या सात वर्षांच्या मुलाचे नवे दातही पिवळेच आलेत. तर हे घराण्यातच आहे का, आणि चार महिन्यांवर लग्न आहे तर सरळ ब्लीचिंग करून टाकू का.

मी डेंटिस्ट आहे, पुण्यातच बसते, शिक्षण नागपूरला झालं त्यामुळे तुमच्या भागातले दात चांगले ओळखीचे आहेत. आधी उत्तर सांगते, मग कारणं. ब्लीचिंग करता येईल, पण त्याचा नंबर शेवटून दुसरा. आणि घराण्याचा काही संबंध दिसत नाही, तुम्ही जे लिहिलंय त्यात एकाच घरात चार वेगळे रंग आहेत आणि चारही वेगळ्या कारणांनी आलेत, म्हणून एकच उपाय सगळ्यांना चालणार नाही. माझ्याकडे ब्लीचिंग पाहिजे म्हणून येणाऱ्यांत कितीतरी जणांना नुसतं क्लीनिंग पुरतं, आणि काहींना ब्लीचिंगने काहीच होणार नसतं, पण जाहिरात बघून डोक्यात एकच शब्द बसलेला असतो.

मुळात दात पांढराशुभ्र नसतोच हो. वरचं इनॅमल म्हणजे दुधी काच समजा आणि आत डेंटिन असतं ते पिवळसर, त्या काचेतून आतला पिवळेपणा जेवढा दिसतो तो आपल्या दाताचा रंग. वय वाढलं की इनॅमल झिजतं, डेंटिन जाड होतं, दात पिवळे दिसायला लागतात, हा आजार नाही. आमच्याकडे रंग जुळवायला जी शेड गाईड असते त्यात १६ छटा असतात आणि आपल्याकडच्या बहुतेक लोकांचे निरोगी दात त्यात बऱ्यापैकी पिवळसर बाजूलाच बसतात. मोबाईलच्या फिल्टरमधले दात त्या १६ मध्ये कुठेच नसतात, पण पेशंट फोटो तोच दाखवतो.

आता बघायचं काय, तर डाग दाताच्या वर आहे, आत आहे, की नस मेल्यामुळे आहे. वरचा डाग हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जास्त जमतो, जीभ लावली तर खरखरीत लागतो. आतला डाग गुळगुळीत असतो, कितीही घासा तिथेच राहतो, आणि बऱ्याचदा उजव्या-डाव्या जोडीच्या दातांवर सारख्याच जागी दिसतो. एकच दात वेगळ्या रंगाचा असेल तर मार, जुनी रूट कॅनल, आतली कीड किंवा जुनी चांदी भरलेली असणं, यातलं काहीतरी असतं.

वरच्या डागांत चहा आलाच. पण एक सांगते, दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा कमी डाग पाडतो कारण दुधातलं प्रोटीन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे वजन कमी करायला म्हणून दूध सोडून कोरा किंवा ग्रीन टी सुरू केलेल्यांचे दात वर्षभरात जास्त तपकिरी झालेले मी बघते आणि त्यांना पटत नाही. कप किती यापेक्षा किती वेळ घोट घोट चालू आहे ते महत्त्वाचं, डेस्कवर कप ठेवून तासभर पिणं सगळ्यात वाईट. चहा झाला की साध्या पाण्याची चूळ भरा, बास. दुसरा गुन्हेगार लोकांच्या लक्षातच येत नाही तो म्हणजे क्लोरहेक्सिडीनचा माऊथवॉश, मेडिकलमधून एकदा आणलेला असतो आणि मग संपला की पुन्हा आणायचा असं महिनोन्महिने चालतं, त्याने दातांवर आणि जिभेवर चांगला तपकिरी थर बसतो. ते औषध आहे, डॉक्टरने सांगितलं तर आठवडा-दोन आठवडे, रोज फ्रेश वाटायला वापरायची गोष्ट नाही. आयर्नचं पातळ टॉनिकही काळे डाग पाडतं, स्ट्रॉने घ्या आणि वर चूळ भरा. आणि तुम्ही लिहिलं नाहीये पण विदर्भातले आहात म्हणून विचारते, खर्रा, म्हणजे तो सुपारी-तंबाखू घोटलेला? खात असाल तर डॉक्टरला खरं सांगा, आम्ही ओरडायला बसलेलो नाही, आम्हाला तोंड किती उघडतं ते बघायचं असतं. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का बघा. जात नसतील, तिखट लागून आग होत असेल, तर रंगाचं सगळं बाजूला ठेवून आधी तेवढ्यासाठी दाखवा, सुपारीने गालाच्या आतलं कातडं कडक होत जातं आणि ते पूर्ववत होत नाही.

हे वरचे डाग आणि कीटण स्केलिंग-पॉलिशिंगने निघतात. आता इथे हमखास प्रश्न येतो, मशीनने दात ढिले होतात ना, फटी पडतात ना. नाही पडत. कीटण एवढं जमलेलं असतं की त्याने फटी भरून गेलेल्या असतात आणि खाली हाड आधीच गेलेलं असतं, कीटण काढलं की होती ती फट दिसते आणि नाव मशीनवर येतं. दोन-चार दिवस गार लागतं ते खरं आहे, ते थांबतं.

आईचं बघू. मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन घासत बसायचं, हे मी घराघरात बघितलंय, अंगणात पायरीवर बसून अर्धा-अर्धा तास निवांत चालतं आणि तोपर्यंत घरातलं कोणी त्या बाईशी बोललेलं तिला चालत नाही. त्या बोटाचं नखही काळपट झालेलं असतं, तपासताना मी दातांच्या आधी बोट बघते. "दात साफ होतात आणि दुखत नाहीत" असं त्या सांगतात आणि त्यात थोडं खरं आहे, निकोटिनमुळे बरं वाटतं, म्हणून तर सुटत नाही. काळा रंग पॉलिश करून एका बैठकीत निघेल पण मिश्री चालू राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत परत येईल, आणि खरं म्हणजे रंग हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. त्यांच्या हिरडीवर, ओठाच्या आत, गालाला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हे एकदा बघून घ्या. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कुठला कायदा पोचणार. सोडायची इच्छा दाखवली तर १८००-११-२३५६ ही सरकारी टोल फ्री क्विटलाईन आहे, आणि एकदम बंद कर म्हणून डबी फेकून देऊ नका, त्याने भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी नवी डबी येते. दुपारची आधी बंद करा, मग सकाळची.

आता तुमचे पट्टे. तुमचं गाव आणि लहानपणापासूनचे पांढरट-तपकिरी पट्टे हे दोन्ही एकत्र वाचलं की नव्वद टक्के फ्लोरोसिसच डोक्यात येतं, बघितल्याशिवाय शंभर म्हणणार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवटकडचा भाग, इथल्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, ते कुठल्या कारखान्याचं नाही, खडकातूनच येतं, आणि बोअर जितकी खोल तितकं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं असतं. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर सतत गेलं आणि ते पाणी दात बनत असताना, म्हणजे जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत पोटात गेलं, तर इनॅमल नीट भरत नाही, सच्छिद्र राहतं. दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा तो खडूसारखा पांढरट असतो, तपकिरी नंतर होतो, त्या छिद्रांत पुढे चहा-हळद-मसाला सगळं मुरत जातं.

शाळेच्या तपासणी शिबिरात हे फार स्पष्ट दिसायचं. पोरांना ओळीत उभं करून ओठ वर करायला सांगितलं की कुठल्या वस्तीतलं पोरगं नव्या बोअरचं पाणी पितं आणि कुठलं जुन्या उघड्या विहिरीचं, हे बरेचदा दातांवरून सांगता यायचं, मास्तर चकित व्हायचे. यात जादू काही नाही. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्जला १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट प्रॅक्टिसला गेला तर गावातल्या माणसांचे दात चॉकलेटी, लोक म्हणायचे डुकराचं मांस खाऊन होतं, खराब दूध पिऊन होतं. तो माणूस कित्येक वर्षं मागे लागला, पाण्याचा संशय त्याला होता पण पाण्यात काय ते सापडेना, शेवटी १९३१ मध्ये ॲल्युमिनियम कंपनीच्या चर्चिल नावाच्या केमिस्टने पाण्याची तपासणी केली तेव्हा फ्लोराईड सापडलं. आपल्याकडे १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून फ्लोराईडने हाडं वाकलेल्या माणसांची नोंद झाली. आणि मॅकेच्याच लक्षात आलेली दुसरी गोष्ट म्हणजे हे चट्ट्याचे दात किडत कमी होते, त्यातूनच पुढे फ्लोराईडची टूथपेस्ट आली. म्हणून आता "फ्लोराईड विष आहे" असा मेसेज वाचून फ्लोराईडची पेस्ट फेकू नका. तुमचं वय २७, तुमचे दात बनून झालेत, पेस्टने तुमचे चट्टे ना वाढणार ना कमी होणार.

गावी अजून तेच पाणी पीत असतील आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर पाणी तपासून घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की जास्त दाट होतं. तुरटी नुसती फिरवून, कापडाने गाळून, कँडलच्या फिल्टरने जात नाही. आरओने जातं. पावसाचं साठवलेलं पाणी चांगलं, आणि उथळ विहिरीचं पाणी बऱ्याचदा चालतं पण तेही तपासूनच.

काळसर दाताकडे मात्र तुम्ही फार दुर्लक्ष केलंय. मार लागला की आतल्या नसेत रक्त फुटतं, ते डेंटिनच्या बारीक नळ्यांत शिरतं, आणि नस मेली की दात राखाडी होत जातो. दुखत नाही ही चांगली खूण समजू नका, मेलेली नस दुखणार कशी. मुळाशी गाठ होत असते ती वर्षानुवर्षं कळत नाही आणि एक दिवस ओठ सुजतो, बहुतेक वेळा हळदीच्या आदल्या दिवशी. एक छोटा एक्स-रे आणि गार लावून नसेची टेस्ट, एवढ्यात समजतं. नस मेली असेल तर रूट कॅनल करायची आणि नंतर त्याच छिद्रातून आतून ब्लीच करता येतं, सोडियम परबोरेट आत ठेवून वरून टेम्पररी सिमेंटने बंद करायचं, आठवड्याने बघायचं, दोन-तीन वेळा बदललं की बहुतेक दात शेजाऱ्यांच्या रंगाला येतो. या दाताला बाहेरून कितीही ब्लीच लावलं तरी रंग आत आहे, फारसं काही होणार नाही. आणि लगेच कॅप बसवू म्हणणारे भेटतील, त्यांना विचारा की आतून ब्लीच करून बघायचं का आधी.

घरगुती उपायांवर. चारकोल म्हणजे खरखरीत पावडर, त्याने डाग निघतो तो इनॅमल घासून, आणि दुधी काच पातळ झाली की आतला पिवळा जास्त दिसणार, म्हणजे करायला गेलो एक आणि झालं उलटं. राखुंडी, विटकरीची पूड, मीठ चोळणं, गेरूचं लाल मंजन, सगळं त्याच जातीतलं. लिंबू अजून वाईट, त्याचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो आणि साडेपाचच्या खाली इनॅमल विरघळायला लागतं, तुम्हाला गार पाणी लागतंय ते त्यामुळेच असण्याची शक्यता जास्त. गंमत म्हणजे सोडा एकटा तसा फार खरखरीत नाही, कितीतरी पेस्टमध्ये असतो, पण लिंबात घातला की दोघं एकमेकांना मारतात, फेस येतो आणि लोकांना वाटतं काम चाललंय. हळद-खोबरेल लावू नका, हळद कशाकशाला डाग पाडते हे तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला विचारा. व्हाइटनिंग पेस्टमध्ये एक निळसर रंग असतो काहींत, तो दातावर बसला की पिवळा कमी भासतो, तास-दोन तासांचा खेळ, फोटो काढण्यापुरता ठीक. जत्रेत आणि बसस्टँडबाहेर कापसाच्या बोळ्याने दोन मिनिटांत दात पांढरे करून देणारे असतात, तो बोळा ॲसिडचा असतो, त्याने जे केलं ते कोणालाच परत दुरुस्त करता येत नाही. पार्लरमध्ये ब्लीचिंग करू नका, तिथे किडलेला दात कोण बघणार, आणि हिरडी भाजली तर सांभाळणार कोण.

भाच्याला बहुतेक काहीच झालेलं नाही. दुधाचे दात नावाप्रमाणे खरंच पांढरे असतात आणि पक्के दात निसर्गतः पिवळसर, सात-आठ वर्षांचं पोर हसलं की दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि आया घाबरून घेऊन येतात. सगळे पक्के आले की फरक दिसत नाही. पेस्ट मात्र बघा, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, तीनच्या आत तर तांदळाच्या दाण्याएवढी, आणि गिळू द्यायची नाही, जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती दुकानदाराच्या फायद्याची. पुढच्या दातांवर हिरडीलगत बारीक काळी रेघ असेल तर ती एका प्रकारच्या जंतूंमुळे येते, घासून जात नाही, पॉलिशने जाते, परत येते, आणि वय वाढलं की बरेचदा आपोआप बंद होते, त्यासाठी पोराला रागावू नका. बहिणीला एवढं सांगा की पुन्हा दिवस राहिले तर टेट्रासायक्लिन गटाचं अँटिबायोटिक डॉक्टरांना न विचारता घ्यायचं नाही आणि आठच्या आतल्या मुलालाही घरात उरलेल्या गोळ्यांतून द्यायचं नाही. त्या गटाने दात बनत असतानाच डेंटिनमध्ये आडवे पिवळे-राखाडी पट्टे बसतात आणि ते घालवणं आमच्या धंद्यातलं सगळ्यात चिवट काम आहे, घरी महिनोन्महिने ब्लीच घालूनही अर्धवटच निघतात.

आता तुमचे चार महिने. या आठवड्यात लिंबू-चारकोल बंद, पोटॅशियम नायट्रेटची सेन्सिटिव्हिटीची पेस्ट सुरू, मऊ ब्रश. मग स्केलिंग-पॉलिशिंग आणि त्या दाताचा एक्स-रे, कीड असेल तर भरून घ्यायची. पहिल्या महिन्यात रूट कॅनल आणि आतलं ब्लीच उरकतं. गार लागणं थांबलं की मगच बाहेरचं ब्लीचिंग, आणि माझं मत विचाराल तर क्लिनिकमधल्या लाईटवाल्या एका तासाच्या ब्लीचपेक्षा घरी रात्री मापाचा ट्रे घालून १० टक्के कार्बामाईड पेरॉक्साईड दोन-तीन आठवडे, हे जास्त सौम्य आणि रंगही जास्त टिकतो. लाईटखालून उठल्यावर दात एकदम पांढरे दिसतात त्यात बराच वाटा दात कोरडा पडल्याचा असतो, दोन दिवसांत थोडा उतरतो आणि मग पेशंटचा फोन येतो. पहिल्या आठवड्यात तुमचे पांढरे चट्टे अजून पांढरे दिसतील, घाबरू नका, बाकीचा दात उजळला की फरक कमी होतो. त्यानंतर जे तपकिरी उरेल त्यावर मायक्रोॲब्रेजन, म्हणजे इनॅमलचा अगदी पातळ वरचा थर क्लिनिकमध्ये मापात घासून काढणं, आणि जे खडूसारखं उरेल त्यात पातळ रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव, मुरवता येतं. खड्डे असतील तर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट भरायचं, पण ब्लीच संपल्यावर दोन आठवडे थांबूनच, नाहीतर ते नीट चिकटत नाही आणि रंगही जुळत नाही.

"स्माईल डिझाईन" म्हणून सहा-आठ चांगले दात घासून त्यावर व्हिनिअर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) किंवा झिरकोनिया या पांढऱ्या सिरॅमिकच्या कॅप बसवायला कोणी सांगितलं तर दुसरीकडे जाऊन विचारा. तुमचे दात आजारी नाहीत, चट्ट्याचे आहेत. २७ व्या वर्षी घासलेला दात पुढे आयुष्यभर काही ना काही बसवून घेत राहतो, आणि त्या कॅपला ब्लीच चालत नाही, म्हणजे बाकीच्या दातांचा रंग बदलत गेला तरी ती तशीच. लग्नाच्या फोटोसाठी एवढं करायची तुमची केस मला वाचून तरी वाटत नाही.

ब्लीच चालू असताना आणि नंतर दोनेक आठवडे कोरा चहा, कॉफी, बीट, सोया सॉस, हळदीचा घट्ट रस्सा जरा लांब ठेवा, सिगारेट तर नकोच. रंग कायमचा टिकत नाही, एक-दोन वर्षांत थोडा उतरतो, म्हणून तो ट्रे फेकू नका, जेल नवीन आणून दोन-चार रात्री घातला की पुन्हा उजळतो. आणि लग्नाच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी सगळं संपवा, शेवटच्या आठवड्यात दातांना हात लावू नका, सेन्सिटिव्हिटी उठली तर मांडवात आईस्क्रीमही खाता येणार नाही.